मुठेल, तूप आणि निफाडची थंडी

लग्न होऊन निफाडला आले त्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरातल्या एका दुपारी गच्चीवर ऊन खात बसले होते आणि सहज नख लागलं तर नडगीवर पांढरी रेघ उठली. पाटीवर पेन्सिल ओढावी तशी. मला वाटलं चुना-बिना काहीतरी लागलंय, म्हणून हाताने पुसायला गेले तर रेघ राहिली बाजूला, भुसा उडावा तसं कायतरी उडालं. शेजारची दोन पोरं तिथेच खेळत होती. ती म्हणे काकू हे बघा, आणि त्यातल्या एकाने स्वतःच्या पोटरीवर नखाने नाव लिहून दाखवलं, आडनावासकट. इथल्या पोरांचा हा हिवाळी उद्योग आहे हे मला तेव्हा कळलं.

मी कुडाळकडची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर करायचा आणि पायाशी चादर ओढायची, संपली थंडी. अंग बाराही महिने चिकट, तोंडाला पावडर लावली तर अर्ध्या तासात तिचा चिखल. त्यामुळे कोरडी स्किन हा प्रकार मी फक्त टीव्हीवरच्या जाहिरातींत बघितलेला. आणि तिथनं एकदम निफाड! दर हिवाळ्यात पेपरात "निफाडमध्ये पारा घसरला" अशी बातमी येते ना, ते हेच. तो आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून, आमच्यापासून ते काही लांब नाही. पाच-सहा अंशाला इथली लोकं नुसतं "आज जरा गारठाय" म्हणतात आणि कामाला लागतात. द्राक्षवाले मात्र रात्र-रात्र जागतात, पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण रात्री एवढी थंडी आणि दुपारी कडक ऊन असलं की मणी तडकतात. मी नवऱ्याला म्हटलं होतं, तुमच्या मण्यांची एवढी काळजी, आणि बायकोच्या टाचा तडकल्या त्याचं काय? तर हसला नुसता.

एक कोडं मात्र मला बरेच दिवस सुटत नव्हतं. सकाळी बागेत गेलं की पानापानावर दव, सलवारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले, मग हवा कोरडी आहे असं म्हणायचं तरी कसं? द्राक्षवाल्यांना हवेतली आर्द्रता तोंडपाठ असते, भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या रोगांच्या भीतीने, तर नवऱ्यानेच एकदा जेवताना नीट सांगितलं. पहाटे ८ अंशाला एका घनमीटर हवेत फार तर ८ ग्रॅम वाफ मावते, तेवढ्यातच ती तुडुंब भरते म्हणून दव पडतं. दुपारी तीच हवा तापून २८ अंशावर गेली की तिच्यात २७ ग्रॅम मावायला लागते, पण आत पाणी तेच, ८ ग्रॅम. म्हणजे भांडं मोठं झालं आणि आत तळाशी थोडंसंच. मग ती हवा जिथनं मिळेल तिथनं पाणी ओढते, दोरीवरच्या कपड्यांतून ओढते (म्हणून तर गोधड्या पण दोन तासात खडखडीत वाळतात), वाफ्यातल्या मातीतून ओढते आणि तुमच्या आमच्या कातडीतून पण ओढते. कोकणात थंडीत पण समुद्राकडची दमट हवा असते, तिचं भांडं आधीच भरलेलं, ती आपल्याकडून काही मागायला येत नाही.

हे तेव्हा कळलं असतं तर पहिल्या वर्षी जे उद्योग केले ते केले नसते.

पहिला उद्योग म्हणजे कडकडीत पाणी. थंडी मानवत नव्हती, त्यामुळे गिझर लालभडक होईपर्यंत थांबायचं आणि मग अंगाला चटके बसतील असं पाणी घेऊन पंधरा-वीस मिनिटं बाथरूममध्ये. काय सुख वाटायचं. आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटात खाज, खाजवलं की रेघा, रेघांवर परत खाज. आता विचार करा, तुपाचं पातेलं गार पाण्याने निघतं का? नाही. ते गरम पाण्याने आणि साबणानेच निघतं. आपल्या कातडीवर पण आतलं पाणी धरून ठेवणारा एक तुपट थर असतो, आणि मी रोज सकाळी तो पातेलं घासल्यासारखा घासून काढत होते. आता मी कोमट पाणी घेते, पाच-सात मिनिटात आटपते, आणि साबण फक्त काखा, पाय आणि जिथे घाम येतो तिथेच. हातापायांना रोज साबण लावलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय? शेतातून आलं, माती लागली तर गोष्ट वेगळी.

दुसरा उद्योग पॅकचा. ही माझी सगळ्यात मोठी फजिती. संक्रांतीनंतर सासरी पहिलं हळदीकुंकू होतं, तीस-चाळीस बायका येणार, नवी सून म्हणून सगळ्या मलाच बघणार, आणि माझं तोंड कसं, तर नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे. व्हॉट्सअॅपवर कुठल्यातरी ग्रुपात एक फॉरवर्ड आला होता, "हिवाळ्यात उजळ त्वचेसाठी": दोन चमचे बेसन, एक चमचा मुलतानी माती, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर हळद. मी इमानदारीत केलं, जाडसर थापलं आणि वाळायची वाट बघत बसले. वाळताना अशी ताण बसली की हसता येईना. नणंद दारातून डोकावून कायतरी बोलली, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर गालावरचं प्लास्टर तडकलं. मग ते धुवायला गेले तर निघेना, घासून काढलं. त्यावर लिंबाची आग. संध्याकाळी फाउंडेशन लावलं तर ते पापुद्र्यांना चिकटून त्यांची अजूनच जाहिरात झाली, आणि वाण देता देता एक काकी मला जवळ घेऊन प्रेमाने म्हणाल्या, "काय गं, गोवर-बिवर येऊन गेला का?"

नंतर डोकं चालवलं तेव्हा कळलं. मुलतानी मातीचा गुणच तेल शोषायचा. मे महिन्यात तेलकट चेहऱ्याला ठीक आहे, जानेवारीत निफाडला ती माती लावणं म्हणजे मीठ लावून लोणच्याच्या फोडी सुकवण्यासारखं. बेसनाचं पण तेच, तळणाची कढई आपण बेसनाने पुसतोच की. लिंबू तर फुटलेल्या कातडीला लावूच नका, आग होते ती होतेच, वर लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे डागसुद्धा पडू शकतात. आणि तुम्ही म्हणाल मग दिवाळीचं उटणं? ते पण डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोराच असतो ना? असतो. पण दिवाळीत आई आधी काय करायची आठवा. पाटावर बसवून कोमट तेल अंगात मुरेपर्यंत चोळायची, आणि मग उटणं लावायची, ते फक्त वरचं जास्तीचं तेल काढायला. आम्ही शहाण्यांनी काय केलं, तेल चिकट म्हणून सोडलं आणि उटणं तेवढं धरलं.

तर त्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी आईला फोन लावला आणि रडले. रडायचं कारण पापुद्रे नव्हते, म्हणजे ते पण होते, पण नवीन घर, थंडी, सगळंच. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला दिलेले गोळे कुठायत? मी म्हटलं कुठले गोळे? तर लग्नाच्या सामानात तिने डब्यात मुठेलाचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचे, चार गोळे घालून दिलेले, मी ते उघडून पण बघितले नव्हते, मला वाटलं गुळाचं वगैरे काहीतरी. मग म्हणाली, रोज लावायचे. मी म्हटलं अगं इथे तेल लावून पण काही होत नाहीये, खोबरेल लावते मी, दोन तासात परत तसंच. तर म्हणाली, कधी लावतेस? म्हटलं, आंघोळ झाली, कपडे घातले, सगळं आवरलं की. त्यावर आई जे बोलली ते मी आता सगळ्यांना सांगत सुटते:

"अगो ओल्या आंगाक लाव. सुक्या आंगाक लावन काय उपेग नाय."

एवढंच. पुढे फणसाच्या गप्पा.

मला आधी ते आईचं काहीतरी जुनं शास्त्र वाटलं. पण म्हटलं करून तर बघू. आठ दिवस मी उजवा पाय आंघोळीनंतर टॉवेलने नुसता टिपून, ओलसर असतानाच तेल लावलं, आणि डावा पाय नेहमीसारखा खडखडीत पुसून, अर्ध्या तासाने. तेल तेच, मापही तेच, अर्धा अर्धा चमचा. चौथ्या दिवशीच डाव्या पायावर नाव लिहिता येत होतं आणि उजव्यावर नाही. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, हे मल्चिंग आहे. म्हणजे पाणी दिल्यावर ओल उडू नये म्हणून बागेत पाचट पसरतात तसं. आधी पाणी, मग पाचट. कोरड्या मातीवर पाचट पसरलं तर पाचटाखाली कोरडी मातीच राहणार ना. तेलात काही पाणी नसतं, ते फक्त झाकण आहे, हे मला बावीस वर्षांच्या शिक्षणात कोणी सांगितलं नाही, एका द्राक्षवाल्याने आणि माझ्या आईने सांगितलं.

आता मुठेलाबद्दल, कारण घाटावरच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. इकडे काष्ठौषधीच्या दुकानात "आमसुलाचं तेल" म्हणून मागितलं तर मिळतं, पांढरट-पिवळट वडी असते, काही ठिकाणी कोकम तेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं आमसुलाला वाळत घातली की बिया उरतात, त्या पण धुवून अंगणात वाळवायच्या. मग पाऊस सुरू झाला, बाहेरची कामं थांबली की आजी त्या फोडून, टरफलं पाखडून आतला गर वाटायची आणि मोठ्या टोपात पाण्यात उकळत ठेवायची. तासाभराने वर तेलाचा तवंग यायचा, तो पळीने अलगद काढायचा. गार झालं की ते मेणासारखं घट्ट होतं, मग मुठीत दाबून गोळे करायचे. मुठीचं म्हणून मुठेल. आजीच्या गोळ्यांवर तिच्या बोटांचे चार खड्डे स्पष्ट दिसायचे, आईच्या गोळ्यांवर पण दिसतात, फक्त ते जरा छोटे, आईचा हात लहान आहे.

ह्याची गंमत अशी की हे ३८ ते ४० अंशाच्या आसपास वितळतं, म्हणजे साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेच्या काठावर. त्यामुळे कुडाळच्या मे महिन्यात पण गोळा गोळाच राहतो, आणि टाचेवर चोळला की हळूहळू ओघळायला लागतो. खोबरेल २४-२५ अंशालाच गोठतं, म्हणून इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी निळ्या बाटलीला उन्हात उभं करणं हा रोजचा कार्यक्रम. पण खोबरेल पटकन पसरतं, अंगभर लावायला तेच बरं. मुठेल जाड, ते टाचा, कोपरं, बोटांची पेरं अशा ठिकाणी. चेहऱ्याला मी दोन्ही लावत नाही, नणंदेने माझं बघून खोबरेल चोळलं आणि आठ दिवसात कपाळावर पुरळ घेऊन आली, मग महिनाभर माझ्याशी तिरकं बोलत होती.

टाचांना माझी पद्धत अशी आहे. रात्री टबात कोमट पाणी, दहा मिनिटं पाय, त्यात मीठ, सोडा, शाम्पू काही नाही, नुसतं पाणी. मऊ झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासायची, रक्त काढायचं नाहीये, आणि भेग खोल असेल तर वजरी लावायचीच नाही. पाय टिपायचे, बोटांच्या मध्ये मात्र नीट कोरडं करायचं नाहीतर चिखल्या होतात. मग लोखंडी पळीत मुठेलाचा सुपारीएवढा तुकडा, बारीक गॅसवर, वितळला की लगेच बंद. आई आणि आजी ते गरम गरमच भेगेत सोडायच्या आणि ओठ चावून बसायच्या, मी तेवढी शूर नाही, कोमट झालं की सोडते. ते भेगेत जातं आणि बघता बघता तिथेच गोठतं, लांबी भरल्यासारखं. वर जुने सुती मोजे. पहिल्या रात्री फरक दिसत नाही, चालताना टोचणं कमी होतं एवढंच. पाच-सहा दिवसांनी कडा मऊ पडतात आणि मग भेग आतून भरत येते. दोन रात्री करून सोडून दिलं तर काही होणार नाही आणि मग मला सांगू नका की उपयोग नाही झाला.

ही पद्धत मी कांदे लावायला येणाऱ्या बायकांना पण सांगितली, म्हणजे खरं तर त्यांच्यासमोर सांगायला मलाच लाज वाटली. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण, ऐन थंडीत सकाळी आठला ओल्या वाफ्यात अनवाणी वाकून रोपं खोचायची, दिवसभर. हात-पाय ओले, वरनं वारं, की परत कोरडे, की परत ओले. त्यातल्या एका मावशींनी मला टाच दाखवली, भेगेत माती जाऊन काळी रेष झालेली, वर त्यांनी मेणबत्तीचं मेण ओतलेलं होतं. मेण भेग बुजवतं खरं, पण ते कडक, चालताना वाकत नाही, कडेला नवीन चीर पडते. मी त्यांना अर्धा गोळा दिला. पुढच्या आठवड्यात आल्या तर म्हणाल्या, पोरी, टाचेला कुठं लावती, हाताला लावला मी, रोप खोचून खोचून अंगठा फुटतो तिथं. आणि वर युक्ती सांगितली, झोपताना हाताला चोळून वर नवऱ्याच्या जुन्या मोज्याला भोकं पाडून घालायचा. मी पण आता तेच करते. दिसायला भयंकर दिसतं, पण सकाळी अंगठा मऊ.

मागच्या वर्षी मी एक भानगड केली, शतधौत घृत. नाव मोठं आहे, काम सोपं आणि कंटाळवाणं आहे. तांब्याच्या ताम्हणात तूप घ्यायचं, थोडं पाणी घालायचं, तांब्याच्या गडव्याच्या बुडाने गोल गोल घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, परत नवीन पाणी, असं शंभर वेळा. देवघरातलं ताम्हण घेतलं म्हणून सासूबाईंनी आधी भुवया चढवल्या, मग काय चाललंय बघायला शेजारी येऊन बसल्या. मोजायला शंभर चिंचोके घेतले होते, एक घोटणं झालं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. सदतिसाव्याला दूधवाला आला. परत आले तर सासूबाई म्हणे बेचाळीस झाले, मी म्हणे सदतीस, शेवटी चाळीस धरले. वीसेक घोटण्यांपर्यंत काहीच होत नाही, तूप आणि पाणी भांडल्यासारखे वेगवेगळे, पिवळे गोळे इकडे तिकडे पळतात. मग हळूहळू तूप पाण्याला धरायला लागतं, रंग उतरतो, पन्नाशीनंतर ते चक्क पांढरं व्हायला लागलं आणि तुपाचा वासही कमी झाला. शेवटी जे झालं ते बघून सासूबाईंनी बोट लावून हुंगलं आणि म्हणाल्या, हे तर विकतच्या कोल्डक्रीमसारखं झालं. दोन तास गेले, उजवा खांदा दोन दिवस दुखत होता.

आणि मग मी घाण केली. दमले होते म्हणून ते ताम्हणातच झाकून ठेवलं, सकाळी बघू म्हटलं. सकाळी कडेकडेने हिरवं. तांब्यात तूप राहिलं की कळकतं, हे माहीत असून. सगळं टाकलं. शंभर चिंचोके! दुसऱ्यांदा केलं तेव्हा तूप वाटीभर नाही, चार चमचेच घेतलं, आणि झाल्या झाल्या काचेच्या बरणीत काढलं. ते फ्रिजमध्ये ठेवते आणि आठ-दहा दिवसात संपवते, कारण त्यात पाणी घुसलेलं असतं आणि टिकवायला काही घातलेलं नसतं, बोटं घालत राहिलं तर बुरशी येणार. त्वचेला बरं का वाटतं याचं मला तरी एकच कारण दिसतं, त्यात पाणी आणि झाकण दोन्ही एकत्र आलेत. आईचंच वाक्य, फक्त तांब्याच्या ताम्हणात घोटलेलं. गालांना, ओठांना आणि डोळ्यांखाली मी हेच लावते, अगदी मुगाएवढं.

ग्लिसरीनबद्दल दोन शब्द, कारण ते सगळेच सांगतात. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, तेवढंच त्याचं काम. नुसतं ग्लिसरीन कोरड्या दुपारी कोरड्या गालावर लावलं तर बाहेरच्या हवेत ओढायला पाणी नाही, मग ते तुमच्याच कातडीतलं ओढणार, वर चिकट ते चिकटच. म्हणून एक भाग ग्लिसरीन, तीन भाग गुलाबपाणी, ते ओल्या तोंडाला, आणि वरनं एखादा थेंब तेल किंवा ते पांढरं तूप. लिंबू त्यात घालायचं नाही, कितीही पिढ्या घालत आल्या असल्या तरी.

कोरफड लावत असाल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं करून ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ दे, तोच खाजतो. आतला गर बरा वाटतो, गार वाटतो, पण तो पाण्यासारखाच उडून जातो, वर झाकण नाही घातलं तर अर्ध्या तासात परत ताण. साय-हळद मी रविवारी करते, खरं सांगायचं तर सायीच्या वासासाठी आणि हळद लावून आरशात बघायला मजा येते म्हणून, पण उशीचे अभ्रे पिवळे होतात. बेंबीत तेल घातल्याने ओठ फुटत नाहीत असं सासूबाई म्हणतात, मी रोज घालते, ओठांना पण तूप लावते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते ठरत नाही. काशाच्या वाटीने तळपाय घासले की काळं निघतं ती "अंगातली उष्णता" नसते, वाटीचा धातू आणि तूप यांचं ते काळं आहे, पण झोप मात्र झकास लागते, म्हणून घासा खुशाल.

सासूबाईंच्या टाचांना मात्र मी यातलं काही करत नाही, हे लिहायलाच पाहिजे. त्यांना शुगर आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या टाचेला भेग पडलेली, त्यांना दुखत नव्हतं म्हणून बोलल्याच नाहीत, मोजा काढताना मला डाग दिसला. शुगर असली की पायाची जाणीव कमी होऊ शकते, त्यात टबातलं पाणी किती गरम आहे ते कळत नाही, आणि गरम मुठेल तर अजिबातच नको. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी युरिया असलेलं क्रीम दिलं आणि रोज रात्री पाय बघायला सांगितले. तेव्हापासून रोज जेवणं झाली की मी मोबाईलचा टॉर्च लावून त्यांचे तळवे बघते. त्या म्हणतात, सून पाय धरते म्हणून गावभर सांगते मी. तुमच्याकडे कोणाला शुगर असेल, किंवा भेगेतून पू-रक्त येत असेल, किंवा खाज रात्री झोपू देत नसेल, लाल चट्टे उठत असतील, तर चिंचोके मोजत बसू नका, सरळ दाखवून या. आणि घरगुती म्हणजे सगळं सगळ्यांना चालतं असं नाही, नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. सगळं करून पण जमत नसेल तर साधी व्हॅसलीन आणा, ओल्या अंगाला लावा, माझी आई रागावणार नाही.

कालच पार्सल आलं. बसने नाशिकला येणाऱ्या एका ओळखीच्यांनी आणलं, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले सहा गोळे, सोबत आमसुलं आणि कुळथाचं पीठ. पोचलं सांगायला फोन केला तर आई पहिलंच काय बोलली, "गोळे धाडलंय, पण माझो गेल्या वर्साचो डबो खंय आसा?"

डबा फ्रिजमध्ये आहे, त्यात काचेची बरणी ठेवलीय, बरणीत तूप. आता आधी ते संपवायला पाहिजे.